संध्याकाळी सातचा सामना

सामना संध्याकाळी सातला आहे, मोठ्या मैदानावर, दिव्यांच्या उजेडात, असं मास्तरांनी कॅन्टीनमध्ये टेबलावर चमचा वाजवून जाहीर केलं आणि सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. दरवानाचेही हात टाळीसाठी उचलले गेले, पण वाटेतला चहाचा ग्लास त्याला लागला आणि लवंडला. शेजारचा लंबू पँट झटकत उठला आणि म्हणाला, आत्तापासूनच एवढं नाचायला लागलात तर कप जिंकल्यावर काय कराल. सगळे हसले. दरवानही हसला. पुढ्यातली बिस्किटं मात्र त्याने तशीच शेजाऱ्याकडे सरकवून दिली.

दरवान हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पगाराच्या पाकिटावर दुसरंच आहे, पण त्या नावाने कोणी हाक मारली तर तो स्वतःसुद्धा मागे वळून बघणार नाही. पंपांच्या कारखान्यात तो पॅकिंगला होता. दिवसभर खोक्यांना पत्र्याच्या पट्ट्या आवळायच्या आणि सुटीचा भोंगा झाला की मैदान गाठायचं, असं चौदा वर्षं चाललेलं. कारखान्याच्या फुटबॉल संघाचा तो गोलकीपर. दारात उभा राहतो म्हणून दरवान.

आणि यंदाचा संघ तरी काय होता! साखळीतले बावीसच्या बावीस सामने खेळून एकही हरला नव्हता. पाच-पाच, सहा-सहा गोल मारायचे आणि वर तोंड करून सांगायचे की आज पाय जरा जडच होते. मधल्या फळीतली पोरं बॉल समोरच्यांना मिळूच देत नसत. मिळालाच, तर कॅप्टन होता. ओतकाम खात्यातला कॅप्टन म्हणजे दरवानाच्या बरोबरीने संघात आलेला, त्याचा जुना दोस्त. बचावाच्या मधोमध असा उभा राहायचा की त्याला ओलांडून जायचं म्हणजे आधी घरच्यांचा निरोप घ्यावा लागे. मग दरवानाला काम काय उरणार? कमरेवर हात ठेवून तो उभा. गोलच्या मागे बसणारी टवाळ मंडळी त्याला विचारायची, दरवानसाहेब, खुर्ची टाकून देऊ का? सबंध हंगामात त्याने खाल्ले ते चार गोल. वर्तमानपत्रात फोटो आला. खाली छापलं होतं, अभेद्य.

लोक अभेद्य म्हणतात तेव्हा माणसाला छान वाटायला हवं. दरवानाला त्या फोटोची भीती वाटली होती. कारण गेलं वर्षभर संध्याकाळ झाली की त्याला दिसत नव्हतं.

म्हणजे अगदी दिसत नव्हतं असं नाही. दिव्याखाली दिसायचं, समोरचं दिसायचं. पण दिवस कलला की कडेची माणसं, कडेच्या वस्तू कुठे जायच्या कोण जाणे. बाजूने येणारी सायकल एकदम छातीशीच उगवायची. घरातलं स्टूल त्याच्या नडगीला इतक्यांदा लागलं, की बायकोने ते पलंगाखाली सरकवून टाकलं. जिन्यात तो हल्ली भिंतीला हात लावून चढायचा आणि वर आल्यावर उगाच हात झटकायचा, जणू भिंतीला धूळ होती म्हणून लागला.

हे सगळं त्याला अनोळखी असतं तर तो एवढा घाबरला नसता. पण त्याने हे घरातच पाहिलं होतं. त्याचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. चाळिशीच्या आसपास ते म्हणायला लागले की हल्ली दिव्यांना पूर्वीसारखा उजेड नाही. दर आठवड्याला नवा बल्ब आणायचे आणि दुकानदाराशी भांडायचे. पुढे दिवसाही तेच सुरू झालं. मधलं तेवढं दिसायचं, नळीतून पाहिल्यासारखं, आणि ती नळी वर्षागणिक बारीक होत गेली. पन्नाशीला त्यांना बायकोचा चेहरा एका वेळी निम्माच दिसायचा. मग तोही नाही. दरवान आता अडतीस वर्षांचा होता. डॉक्टरकडे तो गेला नव्हता. डॉक्टरने नाव घेतलं की रोग खरा होतो, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. साखळीचे सामने दुपारचे, स्वच्छ उन्हातले. बॉल यायचा तो समोरून, कॅप्टनच्या पायातून, दमून भागून. तेवढ्याने त्याचं निभावलं होतं. आणि आता हे सातचं प्रकरण.

साखळीत पहिल्या आलेल्या संघाला पहिल्या दोन बाद फेऱ्या खेळाव्या लागत नसत. बाकीच्यांनी आपसांत डोकी फोडून वर यायचं आणि यांनी तोवर तीन आठवडे आराम करायचा. हा म्हणे मान. लोकांनी त्या तीन आठवड्यांत दरवानाला जगणं नकोसं केलं. केस कापायला बसला तर न्हावी कात्री थांबवून विचारायचा, यंदा कप नक्की ना? कारण गावाला जुना चटका बसलेला होता. हाच संघ तीन वर्षांपूर्वी असाच सगळ्यांना तुडवत पहिला आला होता आणि पहिल्याच बाद सामन्यात कुठल्याशा सातव्या-आठव्या नंबरच्या संघाकडून हरून घरी बसला होता. त्याच्याही आधी एकदा तेच झालेलं. का होतं असं, यावर गावात जितकी डोकी तितकी उत्तरं होती. कोणी म्हणे माज, कोणी म्हणे नजर लागली.

मास्तरांचं उत्तर वेगळं होतं. मास्तर म्हणजे कारखान्याच्या ड्रॉइंग खात्यातले नकाशे काढणारे गृहस्थ. नोकरी सांभाळून संघाला शिकवायचे. तीन वर्षांपूर्वी त्या बाद सामन्यात त्यांनी डाव्या बाजूला एक नवा माणूस घातला होता. हरले. तेव्हापासून मास्तरांनी एक पण केला होता: जिंकणाऱ्या संघाला हात लावायचा नाही. म्हणजे नाहीच. तेच अकरा, त्याच क्रमाने मैदानात उतरणार, बसमध्ये त्याच जागांवर बसणार. कॅप्टनचा डावा मोजा अंगठ्याला फाटला होता, तो बदलायची टाप नव्हती. एका पोराला सणसणून ताप होता, तरी त्याला उभा केला. पाच गोलांनी पुढे असताना कोणीतरी सुचवलं की लंबूला दहा मिनिटं गोलमध्ये उभं करू, सवय राहील त्याला. तर मास्तरांनी चक्क कानांवर हात ठेवले. लंबू हा दुसरा गोलकीपर. हिशेब खात्यातला, उंचापुरा, चांगला चपळ. सबंध हंगाम त्याने बाकावर बसून पाण्याच्या बाटल्या भरल्या.

सामन्याला आठवडा राहिला तेव्हा दरवानाने स्वतःची परीक्षा घ्यायचं ठरवलं. दिवे लागल्यावर मुलीला घेऊन तो घराखालच्या गल्लीत गेला. मुलगी बारा वर्षांची, फेकायला बरी होती. तिला त्याने दिव्याच्या खांबापलीकडे उभं केलं आणि सांगितलं की उंच फेक, मी झेलतो. तिने फेकला. बॉल तिच्या हातातून सुटला, दिव्याच्या वर गेला आणि संपला. आकाशाने गिळला. दरवान हात पसरून उभा, आणि बॉल त्याच्या खांद्याला लागून गटाराकडे घरंगळत गेला. दुसराही तसाच. तिसरा कुठे पडला ते त्याला कळलंच नाही, नुसता आवाज ऐकू आला. मुलीला आधी हसू येत होतं. मग ती जवळ आली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही मुद्दाम सोडताय ना?"

"मग काय," तो म्हणाला. "तुला बरं वाटावं म्हणून."

ती खूश होऊन बॉल शोधायला पळाली. दरवान दिव्याच्या खांबाला धरून उभा राहिला. सामना काय, नव्वद मिनिटांचा. त्याला दिसत होती ती पुढची वर्षं.

बायकोने हे सगळं वरून खिडकीतून पाहिलं होतं. जेवणं झाल्यावर मुलगी अभ्यासाला बसली तेव्हा ती त्याच्याजवळ येऊन बसली. तिने रडारड केली नाही, पण आवाज तिचा नेहमीचा नव्हता. म्हणाली, डॉक्टरकडे आपण सामन्यानंतर जाऊ, तुमचं तेवढं ऐकते. पण मास्तरांना उद्याच्या उद्या सांगायचं. दहा माणसं तुमच्या भरवशावर पुढे पळतात. "तुम्ही सांगा, नाहीतर मी जाऊन सांगते." दरवानाने मान डोलावली. एकदा वाटलं हिच्यावर चिडावं, पण चिडायला जागाच नव्हती. तिचं सगळं खरं होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीत तो ड्रॉइंग खात्यात गेला. मास्तर तिरक्या टेबलावर वाकून रेघा मारत होते. दरवान आधी तिथल्या माठातलं पाणी प्यायला. मग एका दमात सांगून टाकलं. अंधारात दिसत नाही. कडेचं दिसत नाही. वडिलांना हेच होतं. लंबूला उभा करा.

मास्तरांनी पेन्सिल खाली ठेवली. त्यांचा चेहरा क्षणभर असा झाला की दरवानाला वाटलं, यांना पटलं. पण मग ते हळूहळू हसायला लागले. म्हणाले, अरे, घाबरलायस तू. मी नाही का घाबरलो? मला चार रात्री झोप नाही, बायकोने वेगळ्या खोलीत पाठवलंय. कॅप्टनच्या पोटात कळा येतायत. गोलकीपरने घाबरायचंच असतं.

"भीती नाही मास्तर. म्हणजे भीती आहेच, पण डोळेही गेलेत."

"बावीस सामन्यांत चार गोल खाल्लेस तू. आंधळा माणूस एवढेच खातो का रे?"

"बॉल यायला तर हवा ना माझ्याकडे," दरवान म्हणाला. "यंदा आला कुठे?"

उत्तर नसलं की मोठी माणसं करतात तेच मास्तरांनी केलं. टेबलावरचा किल्ल्यांचा जुडगा उचलला आणि काही न सांगता दरवानाच्या अंगावर फेकला. दरवानाने तो झेलला. झेलणारच, दुपारचे साडेबारा, खिडकीतून ऊन आलेलं, जुडगा समोरून आलेला, आणि चौदा वर्षांची सवय. मास्तर टाळी देऊन म्हणाले, बघ! जा, जेव नीट, झोप काढ. आणि लंबूपाशी यातलं अवाक्षर काढू नको, त्याचं डोकं फिरेल. जिंकणाऱ्या संघाला मी हात लावणार नाही.

आता खरी गोष्ट सांगायची तर इथे दरवानाने अडून बसायला हवं होतं. म्हणायला हवं होतं की मी उतरणारच नाही, काय करायचं ते करा. तो तसं म्हणाला नाही. कारण जिना उतरताना त्याला चक्क हलकं वाटत होतं. एवढे शिकलेले मास्तर म्हणतात की डोळे ठीक आहेत. किल्ल्या झेलल्या आपण. कोण जाणे, असेलही भीतीच. बुडणाऱ्याने ओंडका धरावा तसा त्याने तो जुडगा मनात धरून ठेवला. घरी बायकोला सांगितलं की मास्तर ऐकत नाहीत. ती पोळ्या लाटायला उठून गेली.

सामन्याच्या दिवशी बस निघाली ती ठरल्या जागांनी. मास्तर पहिल्या बाकावर, घामट वासाचा, प्रत्येक सामन्याला घातलेला तोच शर्ट घालून. समोरचा संघ मंडईतल्या हमालांचा होता. साखळीत तो कसाबसा आठवा आला होता आणि यांनी त्यांना पाच गोल मारले होते. पण गेल्या तीन आठवड्यांत ते दोन बाद सामने मरता मरता जिंकून आले होते. अंगाला अजून धूळ, कोपरं सोललेली, आणि चेहऱ्यावर असं की आता हरलो तरी कोणी काही म्हणणार नाही. त्यांना बघून कॅप्टन दरवानाच्या कानात कुजबुजला की आपण नुसते बरोबरीत राहिलो तरी गाव आपल्याला सोडणार नाही. कॅप्टनचा हात खांद्यावर पडला तेव्हा तो गार होता. एवढा दगडासारखा माणूस, त्याचा हात गार! दरवानाचा उरलासुरला धीर तिथेच गळाला.

दिवे चार खांबांवर होते. शिटी झाली आणि दरवानाला कळलं की किल्ल्या झेलणं काही खरं नव्हतं. प्रत्येक दिव्याभोवती दुधाळ वलय होतं आणि दोन दिव्यांच्या मध्ये काळं भोक. पलीकडचं अर्धं मैदान पडद्याआड गेल्यासारखं. बॉल कुठे आहे ते तो आपल्या माणसांच्या पाठींवरून ओळखत होता. कॅप्टनची पाठ ताठ, म्हणजे बॉल लांब. कॅप्टन वाकला, म्हणजे आला. मान एका ठिकाणी ठेवायची सोय नव्हती. कोंबडीसारखी सारखी इकडून तिकडे फिरवत राहायची. घामाने हातमोजे आतून भिजले. देवा, आजचा दिवस बॉल येऊ देऊ नको, एवढं एकच तो मनाशी घोकत होता.

आणि पहिल्या अर्ध्यात खरोखर आला नाही. पण पुढेही काही होईना. एरवी पंधरा-वीस मिनिटांत एखादा गोल होऊन जायचा आणि मग सगळे मोकळे खेळायचे. आज पायच उठत नव्हते. तीन आठवड्यांचा तो मान सांध्यांत साठलेला. एक बॉल खांबाला लागला, एक त्यांच्या गोलकीपरच्या ढोपराला. मध्यंतराला शून्य-शून्य होतं, आणि खोलीत कोणी कोणाकडे बघत नव्हतं. या संघाला मध्यंतराला शून्य-शून्य असण्याची सवयच नव्हती. वर्षभरात असं कधी झालंच नाही, तर अशा वेळी काय बोलायचं ते तरी कोणाला माहीत असणार? मास्तर नुसते म्हणत राहिले, आपला खेळ खेळा, आपला खेळ खेळा. दरवानाने एकदा लंबूकडे पाहिलं, एकदा मास्तरांकडे. मास्तरांनी नजर वळवली. तेवढ्यावरून दरवानाला कळलं की मास्तरांनाही आता किल्ल्यांचा भरवसा उरलेला नाही. पण बदल करायला त्यांचे हात धजत नव्हते.

दुसऱ्या अर्ध्यात हमालांच्या एकाने जमिनीलगत एक मारला तो दरवानाच्या पोटावरच आला. त्याने तो असा कवटाळला की पंच म्हणेपर्यंत सोडवेना. प्रेक्षक ओरडले, दरवान, दरवान! त्यांना वाटलं, हा फॉर्मात आहे.

मग वेळ सरत आली तसं सगळ्यांचं धाबं दणाणलं. एकेक जण पुढे सरकायला लागला. शेवटी कॅप्टनही पुढे गेला. बावीस सामने जो आपली जागा सोडून हलला नव्हता तो, कारण त्यालाही बरोबरी सोसवेना. दरवानाच्या पुढ्यातून ती ओळखीची पाठ निघून गेली आणि समोर नुसता हिरवट उजेड उरला. त्याने हाक मारली, परत ये म्हणून. ती गलक्यात विरली.

कुठूनतरी बॉल सुटला. पावलांचा आवाज उजवीकडून येत होता. दरवानाने मान वळवली, तिथे एक हमाल पळत होता, बॉल त्याच्या पायात. दिसला! तेवढा स्वच्छ दिसला. हमालाने पाय उचलला, बॉल वर उडाला, दिव्यांच्या पातळीपर्यंत चढला, आणि वरच्या काळ्यात गेला.

दरवान उभा राहिला. कुठे उडी मारणार? डावीकडे मारावी तर उजवीकडे पडेल. तो हात अर्धे वर करून वाट बघत राहिला, आणि त्या दोन-तीन क्षणांत मैदान असं शांत झालं की त्याला स्वतःचा श्वास ऐकू आला. मग मागे जाळीचा आवाज झाला. हलकासा, कपडा झटकल्यासारखा. त्यानंतर आरडाओरडा.

उरलेल्या दहा मिनिटांत यांनी वेड्यासारखे बॉल मारले. कुठूनही, कसेही. मागे पडल्यावर कसं खेळायचं हे वर्षभर शिकायला मिळालंच नव्हतं. शिटी झाली आणि हमाल एकमेकांच्या अंगावर पडून रडायला लागले. गोलच्या मागून कोणीतरी ओरडलं, दरवान झोपला होता का? कोणी हसलं नाही. दरवानाने हातमोजे काढले आणि मैदानाच्या पांढऱ्या रेघेवरून, खाली बघत, बाहेर आला. रेघ दिसत होती म्हणून रेघेवरून.

खोलीत आधी सगळ्यांनी नळाखाली डोकी धरली. मग एकेकाचं तोंड उघडलं. विश्रांती नडली, कोणी म्हणालं. नशीब, दुसरा म्हणाला. खांबाला लागलेला आत गेला असता तर? तिसऱ्याने पंचाला शिव्या दिल्या. कोणीतरी म्हणालं की असे संघ असेच हरतात, ज्यांच्यावर कधी वेळच आली नाही ते पहिल्या वेळेला कोलमडतात. त्यातलं खोटं काहीच नव्हतं. दरवानाच्या तोंडाशी आलं होतं, मी सांगितलं होतं मास्तरांना, आठवड्याआधीच सांगितलं होतं. त्याने ते गिळलं. मास्तरांकडे आज तसेही सगळे बोट दाखवणार होते. त्यात आपलं एक कशाला? तो फक्त एवढं म्हणाला, "मला बॉल दिसला नाही."

"कोणाला दिसला?" एकाने त्याच्या पाठीवर थाप मारली. "आम्हालाही नाही दिसला. विसर."

थापेत माया होती, म्हणून त्याला जास्तच भरून आलं. एवढं उघड बोलूनही कोणाला ऐकू गेलं नव्हतं. लंबूने मात्र जाता जाता थांबून त्याच्याकडे नीट पाहिलं आणि मान खाली घालून, पिशवी उचलून तो निघून गेला. हळूहळू खोली रिकामी झाली. कॅप्टन कुठे दिसला नाही. तो बहुधा सर्वांच्या आधीच तोंड लपवून निघून गेला असावा. छताला एकच बल्ब होता. त्याखाली समोरच्या बाकावर मास्तर बसले होते, गुडघ्यांवर कोपरं टेकून. शर्ट अजून तोच.

"तू सांगितलं होतंस," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज पार खाली गेला होता. "मी तुझं ऐकलं असतं तर तिथे लंबू असता. आणि हरलो असतो तरी... मी भ्यालो रे. हात लावायला भ्यालो."

"मीही भ्यालोच की," दरवान म्हणाला. "तुम्ही नाही म्हणालात तर मला बरं वाटलं."

बाहेर बसचा ड्रायव्हर भोंगा वाजवत होता. दरवानाला वाटलं होतं की सामना संपला की भीती संपेल, निदान कमी होईल. ती तशीच होती. आता तर तिच्या आड उभं राहायला सामनाही नव्हता. उद्या डॉक्टर, परवा रोगाचं नाव, आणि पुढे ती नळी. त्याला मुलीचा चेहरा आठवला आणि तो सबंध आठवून बघता येतोय ना, याची त्याने खात्री करून घेतली.

मास्तरांनी मान वर केली. "मी दिसतोय तुला आत्ता?"

"तुम्ही दिसताय. बल्बखाली आहात."

"आणि माझ्या शेजारी?"

दरवानाने मास्तरांच्या चेहऱ्यावरून नजर न काढता उत्तर दिलं. "शेजारी काय आहे? बाक आहे."

मास्तरांनी एकदा शेजारी पाहिलं. आणि मग त्यांच्या शेजारच्या अंधारातून, हाताच्या अंतरावरून, कोणीतरी नाक ओढल्याचा आवाज आला. बुटांचे खिळे फरशीवर वाजले.

कॅप्टन होता. सगळा वेळ तिथेच बसला होता, त्याने सगळं ऐकलं होतं. तो उठला, दोन पावलं चालला, आणि दरवानाच्या बरोब्बर समोर, फरशीवर मांडी घालून बसला. चेहरा रडून सुजलेला. बूट चिखलाचे.

"आता?" त्याने विचारलं.

"थोडा अलीकडे ये," दरवान म्हणाला.

कॅप्टन बसल्या बसल्या सरकत पुढे आला, गुडघ्याला गुडघा लागेपर्यंत.